'ग्राफिक्स आहे ना ते?' – मूकपटांतले जीवघेणे विनोद आणि आजचा सिनेमा

अर्धाकपचहा
रविवारी भाची आली होती. वय वर्षं ९, तोंडाचा पट्टा अखंड चालू. बाहेर पाऊस, म्हणून तिला मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन याचा 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) लावून दिला. शेवटी वादळाचा प्रसंग आहे. कीटन घराकडे पाठ करून रस्त्यात भांबावून उभा, आणि मागच्या दुमजली घराची अख्खी दर्शनी भिंत सुटून त्याच्या अंगावर येते. वरच्या माळ्याची खिडकी उघडी असते आणि नेमका त्या चौकटीतून तो वाचतो. धुरळा उडतो, हा क्षणभर तिथेच. मग काय झालं ते कळतं आणि पळ काढतो. मी हे कितव्यांदा पाहिलं देव जाणे, तरी पोटात गोळा आलाच.

भाची म्हणाली, "ग्राफिक्स आहे ना ते?"

म्हटलं, नाही गं बाई, खरी भिंत होती. डोक्याच्या आणि खांद्यांच्या बाजूला जेमतेम काही इंचांची जागा.

"मग येडा होता का तो?"

दोन दिवस झाले, हे डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं असं की त्या भिंतीवर आपण हसतो ते ती खरी आहे म्हणून. आजच्या सिनेमात पन्नास मजली इमारत कोसळत असते आणि मी पॉपकॉर्नच्या तळाशी न फुटलेले दाणे चाचपत असतो. खरा धोका गेला आणि जाताना हसू घेऊन गेला. पटतंय का? की मी म्हातारा होतोय?

पावशेर
दोन्ही.

पावशेर
आणि भाचीला इथलं सदस्यत्व मिळवून द्या. एका वाक्यात धागा निकालात काढणारी माणसं हवीच आहेत.

रिळवाला
येडा अजिबात नव्हता. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

भिंतीचा विनोद त्याने तिसऱ्यांदा केला होता. १९१९ मध्ये आर्बकल या विनोदी नटाबरोबरच्या 'बॅकस्टेज'मध्ये नाटकाच्या पडद्यावरचं खोटं घर पडतं, हलकंफुलकं प्रकरण. १९२० च्या 'वन वीक'मध्ये जोडून उभारलेल्या घराची भिंत पडते, ती जरा वजनदार. आणि मग आठ वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या नदीकाठी उभारलेल्या सेटवर, ही. हिचं वजन दोन टन सांगतात. हलकी भिंत चालली नसती, कारण वादळासाठी लावलेल्या मोठमोठ्या पंख्यांनी ती वाकली असती, फिरली असती, आणि मग खिडकी कुठे पडेल त्याचा नेम नाही. म्हणजे बघा, भिंत जड केली ती सुरक्षेसाठी! खाली बिजागऱ्या, त्यामुळे ती सरळ रेषेतच येणार. त्याची उभं राहायची जागा जमिनीवर आखलेली. एकच टेक. युनिटमधल्या काही जणांनी त्या वेळी मान फिरवली होती म्हणतात.

मुळात हा माणूस वाढलाच असा. आईबापांचं 'थ्री कीटन्स' नावाचं व्हॉदव्हिल (नाच-गाणी-कसरतींचा रंगमंचावरचा खेळ) होतं आणि त्यात बापाने पोराला रंगमंचभर फेकायचं हाच मुख्य कार्यक्रम. चार-पाच वर्षांचा असल्यापासून पडायची तालीम. आपल्याकडे तमासगिराचं पोर ढोलकीच्या तालावर झोपतं, तसं हे पोर आपटण्याच्या तालावर वाढलं.

सायली_ठाणे
रिळवाला, माहितीसाठी धन्यवाद, पण मूळ मुद्दा मला पटत नाही. हसायला धोका खरा असावा लागतो?

कीटनच्याच काळातला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड, त्याचा घड्याळाला लटकण्याचा प्रसंग घ्या ('सेफ्टी लास्ट', १९२३). मूकपट म्हटलं की जगाला तोच फोटो आठवतो. तर ती उंची खरी नव्हती. लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींच्या गच्चीवर भिंतीचा तुकडा उभा केला, कॅमेरा असा लावला की मागे खालचा खराखुरा रस्ता दिसेल, आणि लॉइडच्या खाली काही फुटांवर गाद्या घातलेला मंच. लांबून चढताना दिसतो तो बिल स्ट्रॉथर, इमारती चढण्यासाठीच प्रसिद्ध असलेला माणूस. हे सगळं माहीत असूनही तळहाताला घाम येतोच. मग काय राहिलं तुमच्या सिद्धांताचं?

अर्धाकपचहा
गाद्यांच्या मंचावरून घसरला असता तर खाली रस्ताच होता की.

सायली_ठाणे
हो, धोका नव्हता असं मी म्हटलंच नाही. दिसतो तेवढा नव्हता.

आणि गंमत बघा. लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नव्हती. १९१९ मध्ये प्रसिद्धीचे फोटो काढताना हातात खोटा म्हणून दिलेला बॉम्ब फुटला. घड्याळाला लटकला तेव्हा त्या हातात खोटी बोटं बसवलेला मोजा होता. म्हणजे जीव गेला असता तो इमारतीवर नव्हे, फोटो स्टुडिओत, सिगारेट पेटवायची पोझ देताना! धोका कुठे असतो ते ठरवून सांगता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

दंगेखोर_आजोबा
काल माळ्यावरची पितळी परात काढायला स्टुलावर चढलो. स्टूल हललं. खाली गादी नाही, कॅमेरा नाही, डमी नाही. फक्त सौ. आणि तिचा आवाज. एका टेकमध्ये ओके झालं.

गोरेगाव_पूर्व
आजवर फक्त वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं.

माझा मामा हिंदी-मराठी सिनेमात फायटर होता. तुम्ही लोक स्टंटमन म्हणता, त्यांच्यात फायटरच म्हणतात. आम्ही लहानपणी शूटिंग बघायला जायचो. वरून उडी असली की खाली पुठ्ठ्याचे खोके लावायचे. टीव्ही-फ्रिजचे रिकामे खोके, तोंडं बंद करून, एकावर एक थर. वर गाद्या, सगळ्याला बाहेरून दोरी, म्हणजे पडल्यावर खोके पसरत नाहीत. माणूस पडला की खोके दबतात, आतली हवा निघते आणि वेग मरतो. मामा उडी मारायच्या आधी स्वतः प्रत्येक खोक्यावर हात मारून बघायचा, ओला तर नाही ना. पावसाळ्यात खोका भिजला की पुठ्ठा लगदा होतो, धरत नाही. पडायचं पाठीवर, हनुवटी छातीला. पायांवर पडलास तर गुडघे गेले, हे तो आम्हाला घरच्या पलंगावरून उड्या मारताना शिकवायचा आणि आजीच्या शिव्या खायचा.

एकदा खोके कमी पडले. सकाळी मोजून ठेवलेले, दुपारपर्यंत त्यातले काही कुणीतरी दुसरीकडे नेलेले. सूर्य चाललेला, घाई घाई. निर्मात्याचं नाव घेत नाही. मामाचा खांदा निखळला. दवाखान्याचे पैसे युनिटमधल्या बाकीच्या फायटरांनी वर्गणी काढून दिले. तो शॉट सिनेमात आहे, दीड सेकंद, चेहरा हीरोचा.

तर दादा, "खरा धोका गेला आणि हसू गेलं" हे वाचून जरा लागलं. धोका कुणाचा, हसू कुणाचं?

अर्धाकपचहा
गोरेगाव_पूर्व, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी लिहिलेलं वाक्य तुमच्या मामांसमोर बोलू शकलो नसतो, हे कबूल. कीटनच्या सिनेमाची सूत्रं त्याच्याच हातात होती, भिंतीखाली उभं राहायचं की नाही हे तोच ठरवणार होता. हा फरक माझ्या डोक्यातच आला नव्हता. मामा कसे आहेत आता?

गोरेगाव_पूर्व
मस्त. खांदा थंडीत दुखतो. टीव्हीवर मारामारी लागली की आवाज बंद करून बघतो आणि कोण नीट पडला, कोण नाही, ते सांगतो.

चष्मेबद्दूर_नागपूर
'कुली' कसा काय आठवला नाही कुणाला? जुलै १९८२, बंगळूरु, पुनीत इस्सरबरोबरची मारामारी, अमिताभ टेबलाच्या कडेवर आपटला आणि देशभर नवस सुरू झाले. माझी आई तेव्हा सोमवार करत होती, हे ती अजून नाकारते. सिनेमा आला तेव्हा तो शॉट तिथेच थांबवून, 'इथे दुखापत झाली' अशी पाटी पडद्यावर दाखवली होती. आख्खं थिएटर गप्प. आता कीटनवाल्यांना विचारतो, ती भिंत पडताना मध्येच चित्र थांबवून पाटी दाखवली असती तर हसला असता का?

सायली_ठाणे
+१. हेच मी इतका वेळ सांगतेय. धोका कळला की हसू थांबतं.

कमळाबाई
अपघात म्हटला की आपल्या ललिताबाई पवार. १९४२, 'जंग-ए-आझादी', भगवानदादांनी ललिताबाईंना थोबाडीत मारायचा प्रसंग होता, थप्पड फार जोरात बसली. पुढे काही वर्षं उपचार, चेहऱ्याचा पक्षाघात आणि डावा डोळा कायमचा अधू. नायिकेच्या भूमिका गेल्या, खाष्ट सासू आली. ना उंची, ना आग, ना घोडा. एक थप्पड. मुद्दाम कुणी काही केलं नाही. पण आजच्या सेटवर थप्पड म्हणजे हात गालापासून वीतभर लांबून जाणार, बाकीचं काम कॅमेऱ्याचा कोन आणि आवाज टाकणारा करणार. मला तरी ही प्रगतीच वाटते.

टिकोजीराव
अवांतर: खरं विरुद्ध ग्राफिक्स म्हणाल तर 'झपाटलेला' (१९९३). तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा बाहुला, हातात धरता येईल असा. लक्ष्या त्याच्याशी झटापट करतो तेव्हा जे काही चाललंय ते दोघांमध्ये चाललंय, एक बाहुला असला तरी. मी दुसरीत होतो. सहा महिने कपाटाकडे पाय करून झोपलो नाही.

पावशेर
आता मराठी सिनेमात खरा धोका म्हणजे प्राइम टाइमचा शो मिळणं.

टिकोजीराव
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

ओरेगनचा_ओंकार
उशिरा आलो. मी राहतो तिथून कॉटेज ग्रोव्ह गाव गाडीने दोन-अडीच तासांवर. 'द जनरल' (१९२६) तिथे चित्रित झाला. मागच्या उन्हाळ्यात बायको-पोरांना घेऊन गेलो होतो. रेल्वेचे रूळ काढून टाकलेत, त्या मार्गावर आता रो नदीच्या काठाने सायकलवाट आहे. गावात एका भिंतीवर कीटनचं मोठं चित्र रंगवलंय.

ते इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळतं तो शॉट आठवतोय? खरं इंजिन, खरा पूल. एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर, मूकपटांच्या काळातला सर्वांत महागडा शॉट मानतात. इंजिन तिथेच पडून राहिलं, दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेलं. तोवर गावकऱ्यांचं पर्यटनस्थळ. गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धाची, एका बाजूचे गणवेश निळे, दुसऱ्या बाजूचे करडे. सैनिक म्हणून ओरेगनच्या नॅशनल गार्डचे जवान आणले होते. त्यांना निळे गणवेश घालून एका दिशेने पळवायचे, मग करडे घालून उलट दिशेने. स्वतःच स्वतःचा पाठलाग. आपल्या ऐतिहासिक मालिकांमध्ये तेच सहा मावळे कॅमेऱ्यामागून फिरून परत येतात, ती युक्ती जुनीच आहे.

पण मला त्यातला सगळ्यांत धोक्याचा शॉट वेगळाच वाटतो. कीटन प्रेयसीने झिडकारल्यामुळे उदास होऊन इंजिनच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हळूच सुरू होतं, दांड्याबरोबर तोही वर-खाली, वर-खाली, आणि त्याला पत्ताच नाही. चालकाने वाफ जरा जास्त सोडली असती आणि चाकं जागेवर गरकन फिरली असती तर तो गेला असता. बघताना धोका दिसतच नाही. दिसतो तो फक्त खट्टू झालेला माणूस. माझा मुलगा इथेच सर्वांत जास्त हसला.

रिळवाला
ओंकार, फोटो टाका हो सायकलवाटेचे!

हा दांड्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. आणखी तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो (थांबणार नाही).

'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये तो मालगाडीच्या टपावरून पळत येऊन पाण्याच्या टाकीच्या नळकांड्याला लोंबकळतो, आणि पाण्याचा लोंढा त्याला खाली रुळावर आदळतो. उठून पळतो. शॉट सिनेमात आहे. कैक वर्षांनी डॉक्टरांनी क्ष-किरण काढले तेव्हा कळलं की मानेचं हाड कधीकाळी मोडून जुळलेलं आहे. त्याला वाटलं होतं नुसतंच डोकं दुखतंय.

त्याच सिनेमात मोटारसायकलवरून त्याचा मदतनीस मागच्या मागे पडतो आणि हा हँडलवर बसून चालकाविनाच पुढे जातो. तो पडणारा मदतनीससुद्धा कीटनच! दुसऱ्या नटाचा डमी स्वतः हीरो. गोरेगाव_पूर्व यांच्या मामांना हे जरूर सांगा.

आणि तिसरं, सायलीताईंच्या बाजूने. 'कॉलेज' (१९२७) मध्ये बांबूच्या उडीने खिडकीतून आत जातो तो कीटन नाही. तो ली बार्न्स, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. एवढा हट्टी माणूस, पण जे काम आपलं नाही तिथे डुप्लिकेट घेतला.

गोरेगाव_पूर्व
मामाला फोन करून सांगितलं. म्हणाला, "हीरो फायटरचा डमी? खोटं बोलतोस." मग व्हिडिओ पाठवला. चार वेळा बघितला. "मागे नीट पडलाय," एवढंच म्हणाला. त्याच्याकडून हे म्हणजे पद्मश्री आहे.

फ्रेम_२४
मी व्हीएफएक्समध्ये (म्हणजे भाची म्हणते त्या 'ग्राफिक्स'मध्ये) काम करतो, आमची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो. दिवसभर काय करतो? दोऱ्या पुसतो. माणूस हार्नेसला (अंगाभोवतीच्या सुरक्षा-पट्ट्याला) टांगलेला असतो, आम्ही केबल एकेका फ्रेममधून काढून टाकतो. सेकंदाला २४ फ्रेम. मागच्या महिन्यात एका नटाच्या कंबरेजवळचा हुक काढताना त्याच्या शर्टची चौथी गुंडी मी हाताने रंगवली, शंभराहून जास्त वेळा. ती गुंडी कुणालाही दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दोरीमुळे तो माणूस संध्याकाळी घरी गेला. तुमच्या भाषेत हे "खोटं".

टॉम क्रूझने नॉर्वेत कड्यावरून मोटारसायकल उडवली ('मिशन इम्पॉसिबल'चा २०२३ चा भाग), ते खरंच. एका दिवसात सहा वेळा. पण ज्या रॅम्पवरून उडवली तो पुसून तिथे खडक आमच्याच भावंडांनी भरला.

आणि हे आजचं नाही. 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मध्ये चॅप्लिन डोळ्यांवर पट्टी बांधून कठड्याविना मजल्याच्या कडेला स्केटिंग करतो, आठवतं? खाली खोल मजला दिसतो. तो मजला म्हणजे कॅमेऱ्यासमोर ठेवलेल्या काचेवर रंगवलेलं चित्र. चॅप्लिन सपाट जमिनीवर होता. नव्वद वर्षांपूर्वीचं व्हीएफएक्स! आणि त्या प्रसंगाला आजही लोक किंचाळतात.

आजचे सिनेमे हसवत नसतील तर दोष संगणकाला देऊ नका, कात्रीला द्या. कीटन पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत ठेवून, न कापता दाखवतो. आम्हाला येणारा शॉट अर्धा सेकंदाचा असतो. कोण कुठे पडला हे कळायच्या आत पुढचा.

अर्धाकपचहा
चॅप्लिनची काच मला माहीत नव्हती. इतकी वर्षं उगाच जीव मुठीत धरून बघितलं.

सायली_ठाणे
उगाच कसं? बघितलंत ना जीव मुठीत धरून. झालं की.

कोपऱ्यातला_टेबल
जॅकी चॅनशिवाय हा धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ. 'प्रोजेक्ट ए' (१९८३), घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छत फाडत थेट जमिनीवर. लॉइडला सरळ सरळ सलाम. दुसऱ्या भागात (१९८७) कीटनची भिंतही येते. दोन्ही देव एकाच देव्हाऱ्यात. आणि शेवटी श्रेयनामावलीबरोबर फसलेले टेक, स्ट्रेचर, रक्त. 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून पडून कवटी फुटली होती, मरता मरता वाचला. नागपूरकरांच्या पाटीच्या प्रश्नाला हे उत्तर: जॅकी पाटी शेवटी दाखवतो. आधी हसून घ्या, मग बिल बघा.

चष्मेबद्दूर_नागपूर
बिल बघून पुन्हा तिथे जेवायला जावंसं वाटलं पाहिजे ना पण.

कमळाबाई
त्याच जुलै १९८२ मध्ये, 'कुली'च्या अपघाताच्या तीनच दिवस आधी, हॉलिवुडमध्ये 'ट्वायलाइट झोन'च्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून नट विक मॉरो आणि दोन लहान मुलं गेली. त्यानंतर तिकडे सेटवरच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. नियम आकाशातून पडत नाहीत. आता ऑस्करमध्ये स्टंटसाठी वेगळं पारितोषिक येतंय, २०२७ च्या सिनेमांपासून. शंभर वर्षांनी का होईना.

दंगेखोर_आजोबा
परात काढण्यासाठी वेगळी वर्गवारी आहे का?

रिळवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं अर्धाकपचहा आणि सायलीताई दोघं भिंतीकडे बघताय. जरा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. लहानपणीच स्टेजवर त्याला कळलं होतं की आपटल्यावर आपण हसलो की लोक हसत नाहीत, आपण गंभीर राहिलो की लोळतात. भिंत पडते तेव्हा तो दचकत नाही, कारण त्या पात्राला भिंत येतेय हे माहीतच नाही. दचकला असता तर खांदा हलला असता, आणि खांद्याजवळ काही इंचांचीच जागा होती. म्हणजे जगायचं असेल तरी निश्चल राहायचं आणि हसवायचं असेल तरी निश्चल राहायचं. एकाच कृतीने दोन्ही. हे ग्राफिक्ससाठीच्या हिरव्या पडद्यासमोर करायला कुणी अडवलेलं नाही. फक्त तिथे हललं तरी चालतं, म्हणून माणूस हलतो.

फ्रेम_२४
रिळवाला, हे पटलं. आणि हललेला खांदा मग आम्ही दुरुस्त करतो.

अर्धाकपचहा
आज भाची परत आली. चर्चेचा सारांश सांगायला गेलो, तिने जांभई दिली. मग मिक्सरचा रिकामा खोका काढला, एक बाजू कापून भिंत केली, तिला खिडकी पाडली आणि समोर तिची बाहुली उभी केली. पहिल्यांदा भिंत बाहुलीच्या डोक्यात. दुसऱ्यांदा खांद्यावर, बाहुली आडवी. तिसऱ्यांदा भिंतच तिरकी गेली. एकदाही खिडकी बाहुलीवर आली नाही. भाची आता हट्टाला पेटलीय, पट्टी घेऊन मापं काढत बसलीय. मघाशी म्हणाली, "त्याला कुणी शिकवलं होतं का?" म्हटलं, बाबांनी, फेकून फेकून. माझ्याकडे जरा संशयाने बघितलं.

पावशेर
बाहुलीचा विमा काढलाय का?

गोरेगाव_पूर्व
मामा इथेच बसलाय, त्याला वाचून दाखवलं. तो विचारतोय खालची कड मोकळी आहे का. मोकळी असेल तर पडताना सरकणारच. खाली आडवी चिकटपट्टी लावा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे बिजागरीसारखं काम करेल. आधी बाहुलीशिवाय पाडा, खिडकी जिथे पडेल तिथे खडूने चौकोन आखा आणि मग बाहुली त्यात उभी करा. खिडकी मोठी करायची नाही म्हणतोय.

अर्धाकपचहा
चिकटपट्टी संपलीय. उद्या आणतो. खडू मिळाला.